वाहिनी क्षमता

वाहिनी क्षमता ही माहिती सिद्धांतातील एक मूलभूत संकल्पना आहे. एखाद्या संदेशवाहिनीतून, मग ती तांब्याची तार असो, काचेचा तंतू असो वा मोकळे आकाश असो, दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती विश्वासार्हपणे पाठवता येईल याची ही सैद्धांतिक कमाल मर्यादा होय. ती सामान्यतः बिट प्रति सेकंद या एककात मोजतात. अमेरिकन गणितज्ञ व विद्युत अभियंता क्लॉड एलवुड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये ही संकल्पना मांडली व तिच्याविषयीचे मुख्य प्रमेय सिद्ध केले. त्यामुळे तिला शॅनन मर्यादा असेही म्हणतात.

शॅनन यांच्यापूर्वी अभियंत्यांचा सर्वसाधारण समज असा होता की, गोंगाट असलेल्या वाहिनीतून संदेश अधिक बिनचूक पाठवायचा असेल तर वेग कमी करावा लागतो, आणि चुका जवळजवळ शून्यावर आणायच्या असतील तर वेगही जवळजवळ शून्यावर आणावा लागेल. शॅनन यांनी हा समज चुकीचा ठरवला. प्रत्येक वाहिनीला वेगाची एक ठरावीक मर्यादा असते. त्या मर्यादेखाली राहून चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते आणि त्यासाठी वेग आणखी घटवावा लागत नाही. मर्यादा ओलांडल्यास मात्र कोणत्याही युक्तीने विश्वासार्हता टिकवता येत नाही. म्हणजेच गोंगाट हा वेगावर बंधन घालतो. अचूकतेवर त्याचे बंधन नसते.

पूर्वपीठिका

संदेशवहनाच्या वेगाचा प्रश्न विद्युत तारायंत्राइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल कार्यान्वित झाली. तिच्यावरून पाठवलेला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. लांब केबलमध्ये विद्युत स्पंद पसरट होतो आणि एका स्पंदाची शेपटी पुढच्या स्पंदात मिसळते. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी हा विलंब केबलच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे आधीच गणिताने दाखवले होते. केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. त्यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब वापरून संदेश पुढे ढकलण्याचा प्रयत्न केला आणि आधीच दुबळी असलेली केबल सुमारे तीन आठवड्यांत निकामी झाली. केवळ जोर लावून वेग वाढत नाही, हे येथे बऱ्याच खर्चाने दिसून आले. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबई व एडन यांदरम्यान केबल टाकली आणि मुंबई समुद्रामार्गे लंडनशी जोडली गेली, तोपर्यंत केबलची बनावट व संकेत टिपणारी उपकरणे थॉमसन यांच्या गणिताला अनुसरून बरीच सुधारली होती. मात्र वेगाची अंतिम मर्यादा कोणती, हा प्रश्न तसाच होता.

नायक्विस्ट व हार्टली

या प्रश्नाला नेमके रूप देण्याचे काम विसाव्या शतकात अमेरिकेतील बेल टेलिफोन उद्योगसमूहातील अभियंत्यांनी केले. स्वीडनमध्ये जन्मलेले हॅरी नायक्विस्ट यांनी १९२४ व १९२८ मध्ये तारायंत्राच्या वेगावर दोन निबंध प्रसिद्ध केले. वाहिनीतून जितक्या वारंवारता जाऊ शकतात त्या पट्ट्याच्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात. एखाद्या वाहिनीची बँडविड्थ ‘ब’ हर्ट्झ असेल, तर तिच्यातून दर सेकंदाला जास्तीत जास्त २ब इतके स्वतंत्र स्पंद एकमेकांत न मिसळता पाठवता येतात, असे नायक्विस्ट यांच्या विवेचनातून निष्पन्न झाले.

ही मर्यादा स्पंदांच्या संख्येवर आहे, माहितीवर नाही. पाठ्यपुस्तके वाचताना या दोहोंची अनेकदा गल्लत होते. प्रत्येक स्पंद ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकेच सांगत असेल तर त्यातून एक बिट मिळतो. परंतु स्पंदाची उंची चार वेगवेगळ्या पातळ्यांची ठेवली तर दोन बिट, सोळा पातळ्यांची ठेवली तर चार बिट मिळतात. पातळ्यांची संख्या दुप्पट केली की प्रत्येक स्पंदामागे एक बिट वाढतो. राल्फ हार्टली यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच विचार नेमकेपणाने मांडला. माहितीचे मोजमाप तिच्या अर्थावर अवलंबून न ठेवता, किती पर्यायांतून एकाची निवड झाली याच्या लॉगॅरिथमवर ठेवावे, असे त्यांनी सुचवले.

येथे एक अडचण उभी राहते. पातळ्या वाढवत गेल्यास वेगही वाढत जातो. मग हजार, लाख, कोटी पातळ्या का ठेवू नयेत? तसे झाल्यास कोणत्याही अरुंद वाहिनीतून अमर्याद माहिती पाठवता येईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पातळ्या जवळजवळ आल्या की ग्राहीला त्यांच्यातील फरक ओळखता येत नाही. १९२८ मध्येच जॉन बी. जॉन्सन यांनी प्रयोगाने व नायक्विस्ट यांनी सिद्धांताने दाखवले की, निरपेक्ष शून्यापेक्षा अधिक तापमान असलेल्या प्रत्येक विद्युतरोधात इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे सूक्ष्म विद्युतदाब सतत चढउतार करत असतो. हा गोंगाट उपकरणाच्या दोषामुळे येत नसल्याने तो पूर्णपणे काढून टाकता येत नाही. हार्टली यांच्या मांडणीत पातळ्यांची संख्या किती धरावी याचे उत्तर नव्हते. ते मिळण्यास वीस वर्षे लागली.

शॅनन यांचे प्रमेय

शॅनन यांचा ‘अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन’ हा निबंध बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या जुलै व ऑक्टोबर १९४८ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. ‘बिट’ हा शब्द छापील स्वरूपात याच निबंधामुळे रूढ झाला. तो सुचवल्याचे श्रेय शॅनन यांनी आपले सहकारी जॉन ट्युकी यांना दिले आहे.

प्रमेयाचा आशय एका साध्या वाहिनीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एका वाहिनीतून फक्त ० व १ हे अंक जातात आणि प्रत्येक अंक ११ टक्के संभाव्यतेने उलटा होऊन पोहोचतो. चुका टाळण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे प्रत्येक अंक तीनदा पाठवणे व ग्राहीने बहुमत पाहणे. तसे केल्यास चुकीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून सुमारे ३.४ टक्क्यांवर येते, पण वेग एक तृतीयांश होतो. पाचदा पाठवल्यास चूक सुमारे १.१ टक्का राहते आणि वेग एक पंचमांश होतो. अचूकता वाढवत नेली तर वेग शून्याकडे जातो. शॅनन यांच्यापूर्वीचा समज याच प्रकारच्या अनुभवावर आधारलेला होता.

शॅनन यांच्या सूत्रानुसार या वाहिनीची क्षमता सुमारे अर्धा बिट प्रति अंक इतकी येते. याचा अर्थ असा की, प्रत्येक माहिती-बिटामागे वाहिनीतून दोनपेक्षा किंचित अधिक अंक पाठवण्याची तयारी असेल, तर चुकीचे प्रमाण लाखात एक, कोटीत एक किंवा त्याहूनही कमी करता येते आणि वेग तोच राहतो. त्यासाठी अट एवढीच की, एकेका बिटाची पुनरावृत्ती न करता बिटांचे लांबलचक खंड एकत्र घेऊन त्यांचे कोडमध्ये रूपांतर करावे. खंड जितका लांब, तितकी चूक होण्याची शक्यता कमी.

याच वाहिनीत अंक उलटण्याची संभाव्यता ५० टक्के असेल तर क्षमता शून्य होते, कारण मिळालेल्या अंकावरून पाठवलेल्या अंकाविषयी काहीच कळत नाही. संभाव्यता १०० टक्के असेल तर मात्र क्षमता पूर्ण एक बिट असते. नेहमी खोटेच बोलणाऱ्या साक्षीदाराकडून सत्य काढणे सोपे असते, तसाच हा प्रकार.

प्रमेयाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. क्षमतेपेक्षा अधिक वेगाने माहिती पाठवल्यास चुकीची संभाव्यता शून्याजवळ नेणे अशक्य असते. हे बंधन आजच्या उपकरणांच्या मर्यादेतून आलेले नाही, त्यामुळे उद्याच्या अधिक वेगवान संगणकानेही ते हटणार नाही.

सिद्धतेमागील कल्पना

सिद्धतेतील सर्वांत धाडसी भाग असा की, शॅनन यांनी एकही चांगला कोड तयार करून दाखवला नाही. त्यांनी नाणेफेक करावी तसे यादृच्छिक पद्धतीने बनवलेले सर्व कोड एकत्र विचारात घेतले आणि त्यांच्या चुकांची सरासरी काढली. खंड लांब केल्यास ही सरासरी शून्याकडे जाते. एखाद्या वर्गातील मुलांच्या चुकांची सरासरी दोन असेल, तर किमान एका मुलाच्या चुका दोन किंवा त्याहून कमी असल्याच पाहिजेत. त्याच न्यायाने किमान एक कोड तरी चांगला असलाच पाहिजे. तो कोणता, हे सिद्धता सांगत नाही.

यादृच्छिक कोड प्रत्यक्ष वापरणे जवळपास अशक्य असते. वरील उदाहरणात १,००० अंकांचा खंड घेतला आणि क्षमतेच्या किंचित खाली, ०.४९ इतका दर ठेवला, तर कोडमध्ये २ चा ४९० वा घात इतके शब्द असतील. ही संख्या १४८ अंकी आहे. मिळालेला खंड इतक्या शब्दांशी एकेक करून ताडून पाहणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. रचनेत शिस्त असलेला, उलगडायला सोपा आणि तरीही यादृच्छिक कोडइतका चांगला कोड कसा बनवावा, हा प्रश्न पुढील अर्धशतक संशोधकांना पुरला.

शॅनन–हार्टली सूत्र

तार, रेडिओ अशा सलग संकेत वाहून नेणाऱ्या वाहिन्यांसाठी शॅनन यांनी पुढील सूत्र दिले:

क = ब × लॉग (१ + स ÷ ग)

येथे क ही क्षमता बिट प्रति सेकंदात, ब ही बँडविड्थ हर्ट्झमध्ये, स ही ग्राहीपाशी मिळणाऱ्या संकेताची सरासरी शक्ती आणि ग ही त्याच पट्ट्यातील गोंगाटाची सरासरी शक्ती आहे. लॉगॅरिथमचा पाया २ घ्यावयाचा. गोंगाट सर्व वारंवारतांवर सारखा पसरलेला व गाउसीय वितरणाचा आहे, असे या सूत्रात गृहीत धरले आहे.

सूत्राचा भौमितिक अर्थ शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात विशद केला. संकेताची ‘न’ मोजमापे घेतली की तो संकेत न-मितीय अवकाशातील एक बिंदू होतो. गोंगाट त्या बिंदूला थोडा हलवतो. न मोठा असेल तर हलवलेला बिंदू मूळ बिंदूभोवतीच्या एका लहान गोलावर जवळजवळ निश्चितपणे सापडतो. ग्राहीला मिळू शकणारे सर्व बिंदू एका मोठ्या गोलात असतात. पेटीत संत्री रचावीत तसे त्या मोठ्या गोलात किती लहान गोल एकमेकांवर न चढता मावतील, तितके वेगवेगळे संदेश ओळखता येतील. दोन्ही गोलांच्या घनफळांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेतला की वरील सूत्र मिळते. हार्टली यांच्या अनुत्तरित प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे: पातळ्यांची परिणामी संख्या (१ + स ÷ ग) च्या वर्गमुळाइतकी असते.

सूत्रात शक्ती लॉगॅरिथमच्या आत आणि बँडविड्थ बाहेर आहे. त्यामुळे दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा होतो. समजा, बँडविड्थ ३,१०० हर्ट्झ आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर १,००० (म्हणजे ३० डेसिबल) आहे. क्षमता सुमारे ३०,९०० बिट प्रति सेकंद येते. संकेताची शक्ती दुप्पट केल्यास ती केवळ ३४,००० पर्यंत जाते. त्याऐवजी शक्ती तीच ठेवून बँडविड्थ दुप्पट केली, तर गोंगाटही दुप्पट होऊन गुणोत्तर ५०० वर येते, तरीही क्षमता सुमारे ५५,६०० बिट प्रति सेकंद होते. रेडिओ वर्णपटातील पट्ट्यांसाठी दूरसंचार कंपन्या लिलावात मोठ्या रकमा का मोजतात, याचे गणिती कारण या तीन आकड्यांत आहे.

बँडविड्थ वाढवण्याचा लाभही अमर्याद नाही. पट्टा रुंद होत जाईल तसा त्यात शिरणारा गोंगाट वाढत जातो आणि क्षमता एका ठरावीक मूल्याशी स्थिरावते. यातून एक सार्वत्रिक किमान मर्यादा मिळते: एक बिट विश्वासार्हपणे पोहोचवण्यासाठी लागणारी ऊर्जा ही दर हर्ट्झमागील गोंगाट-शक्तीच्या ०.६९३ पटीपेक्षा कमी असू शकत नाही. डेसिबलमध्ये हे मूल्य उणे १.५९ इतके येते.

अंतराळयानांशी होणारे संदेशवहन या टोकाच्या स्थितीजवळ असते. तेथे पट्ट्याची टंचाई नसते, शक्तीची असते. व्हॉयेजर १ या यानाचा प्रेषक सुमारे २३ वॅट शक्तीचा आहे. १९७९ मध्ये गुरूजवळून जाताना त्याने १,१५,२०० बिट प्रति सेकंद या वेगाने माहिती पाठवली. आता ते २,४०० कोटी किलोमीटरहून दूर गेले असून नेहमीचा वेग १६० बिट प्रति सेकंद आहे. अंतर सुमारे ३५ पट वाढले की मिळणारी शक्ती साधारण १,२०० पट घटते, आणि अशा स्थितीत क्षमता शक्तीच्या प्रमाणातच घटते. प्रत्यक्ष वेग सुमारे ७२० पट घटला आहे. दरम्यानच्या काळात पृथ्वीवरील ग्राही अँटेना मोठ्या केल्या गेल्या, हे लक्षात घेतल्यास दोन्ही आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत.

टेलिफोनची तार व मोडेम

शॅनन मर्यादेचा अर्थ समजून घेण्यासाठी मोडेमचा इतिहास फार उपयुक्त आहे. पारंपरिक टेलिफोन व्यवस्था मानवी आवाजासाठी बनवलेली असल्याने ती साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारता पुढे नेते. म्हणजे बँडविड्थ ३,१०० हर्ट्झ. चांगल्या जोडणीवर संकेत-गोंगाट गुणोत्तर ३० ते ३५ डेसिबल असते. सूत्रानुसार क्षमता सुमारे ३१,००० ते ३६,००० बिट प्रति सेकंद येते.

१९६२ मधील बेल १०३ या मोडेमचा वेग ३०० बिट प्रति सेकंद होता, म्हणजे क्षमतेच्या जेमतेम एक टक्का. १९८४ च्या व्ही.३२ या आंतरराष्ट्रीय मानकाने ९,६०० बिटांचा टप्पा गाठला. त्यामागे आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत गॉटफ्रिड उंगरबॉक यांनी विकसित केलेली पद्धती होती. कोड रचणे व स्पंदांच्या पातळ्या ठरवणे ही दोन कामे तोवर वेगवेगळी केली जात, ती त्यांनी एकत्र केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ग्राहक टेलिफोनच्या तारेवरून अशाच मोडेमने जोडले जात. १९९४ मध्ये व्ही.३४ मानकाने २८,८०० आणि १९९६ मध्ये त्याच्याच सुधारित आवृत्तीने ३३,६०० बिट प्रति सेकंद हा वेग दिला. मर्यादा आता हाताच्या अंतरावर होती आणि मोडेमचा विकास येथे थांबणार असे मानले जात होते.

तरीही १९९८ मध्ये ५६,००० बिटांचा व्ही.९० मोडेम आला. शॅनन मर्यादा मोडली गेली, अशी समजूत त्या काळी पसरली. प्रत्यक्षात मर्यादा होती तेथेच होती. बदलली होती ती वाहिनी. टेलिफोन केंद्रांमधील संदेशवहन तोपर्यंत अंकीय झाले होते. तेथे आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापे घेऊन प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहीत, म्हणजे एकूण ६४,००० बिट प्रति सेकंद. आवाजाचे अंकांत रूपांतर करताना होणारे आसन्नीकरण हाच या व्यवस्थेतील मोठा गोंगाट होता. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांची यंत्रे टेलिफोन जाळ्याला थेट अंकीय पद्धतीने जोडली गेल्यावर, कंपनीकडून ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेत हे रूपांतर उरलेच नाही. गोंगाट कमी झाला आणि क्षमता वाढली. उलट दिशेत रूपांतर कायम होते, म्हणून तिकडील वेग व्ही.९० मध्येही ३३,६०० वरच राहिला.

त्यानंतर आलेल्या एडीएसएल तंत्राने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. ३,४०० हर्ट्झची मर्यादा तांब्याच्या तारेची नव्हती; ती केंद्रातील यंत्रणेने घातलेली होती. घरापासून केंद्रापर्यंतची तार सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता वाहून नेऊ शकते. केंद्रात वेगळे उपकरण बसवून हा सर्व पट्टा वापरताच त्याच जुन्या तारेतून सेकंदाला काही मेगाबिट माहिती जाऊ लागली. अंतर वाढेल तशा उच्च वारंवारता वेगाने क्षीण होतात, म्हणून केंद्रापासून दूर असलेल्या ग्राहकाला कमी वेग मिळे.

मोडेमच्या जाहिरातींत याहून मोठे आकडेही आढळत. ते बहुधा माहितीच्या संपीडनाचे असत. मजकुरात पुनरावृत्ती असेल तर तो कमी बिटांत मावतो. वाहिनीतून जाणारे बिट मात्र क्षमतेच्या आतच असतात. आधीच संपीडित केलेल्या छायाचित्रासाठी त्या आकड्यांचा काही उपयोग नसे.

मर्यादेजवळ नेणारे कोड

बेल प्रयोगशाळेतीलच रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये आपला त्रुटी-दुरुस्तीचा कोड प्रसिद्ध केला. त्यात चार बिटांना तीन जादा बिट जोडून कोणतीही एक चूक दुरुस्त करता येते. १९६० मध्ये आयर्विंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी दिलेला कोड पुढे कॉम्पॅक्ट डिस्क व क्यूआर कोड यांत वापरला गेला. हे कोड उपयुक्त होते, पण शॅनन मर्यादेपासून बरेच दूर होते.

एमआयटीमधील रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या आपल्या प्रबंधात विरळ समता-तपासणीचे कोड मांडले. ते आज एलडीपीसी या आद्याक्षरांनी ओळखले जातात. त्या काळच्या संगणकांना ते झेपणारे नव्हते, त्यामुळे तीसेक वर्षे ते जवळपास विस्मृतीत गेले. १९९३ मध्ये फ्रान्सचे क्लोद बेरू व अलँ ग्लाव्ह्यू आणि थायलंडचे पुन्या थितिमाज्शिमा यांनी जिनिव्हा येथील परिषदेत टर्बो कोड सादर केले. हे कोड मर्यादेपासून अवघ्या अर्ध्या डेसिबलच्या आसपास पोहोचतात, या दाव्यावर अनेक तज्ज्ञांचा सुरुवातीला विश्वास बसला नाही. इतरांनी तेच निष्कर्ष स्वतः पडताळल्यावर शंका फिटली. या कोडमध्ये दोन साधे कोड असतात. त्यांचे दोन उलगडक प्रत्येक बिटाविषयीचा आपापला अंदाज एकमेकांना पुनःपुन्हा कळवतात आणि हळूहळू एकाच उत्तराशी येतात. गॅलेगर यांच्या कोडमागेही याच प्रकारचे तत्त्व असल्याचे लक्षात येऊन त्यांचे पुनरुज्जीवन झाले. २००१ मध्ये से-यंग चंग, डेव्हिड फॉर्नी, टॉम रिचर्डसन व रुडिगर उर्बांके यांनी सैद्धांतिकदृष्ट्या मर्यादेच्या ०.००४५ डेसिबल इतक्या जवळ जाणारा एलडीपीसी कोड रचला.

टर्बो व एलडीपीसी कोड चांगले आहेत हे प्रामुख्याने अनुकरण-चाचण्यांवरून दिसते. क्षमता गाठणारा, ठरावीक रीतीने बनवता येणारा आणि कमी गणनेत उलगडणारा कोड सिद्धतेसह प्रथम दिला तो तुर्कस्तानातील बिल्केंट विद्यापीठाचे एर्दाल अरिकान यांनी, २००९ मध्ये. त्यांच्या पोलर कोडची सिद्धता ठरावीक प्रकारच्या सममित वाहिन्यांना लागू आहे. तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेत टर्बो कोड वापरले गेले. पाचव्या पिढीत, म्हणजे ५जीमध्ये, माहितीसाठी एलडीपीसी आणि नियंत्रण-संदेशांसाठी पोलर कोड वापरतात.

मर्यादेच्या जवळ जाण्याची किंमत विलंबाच्या रूपाने द्यावी लागते. अत्यंत जवळ जाणाऱ्या कोडच्या चाचणीत एकेक खंड एक कोटी बिटांचा होता. दूरध्वनीवरील संभाषणात किंवा यंत्राला दूरस्थ आज्ञा देताना इतका खंड भरेपर्यंत थांबता येत नाही. खंड लहान असल्यास क्षमतेपासून किती मागे राहावे लागते, याचे नेमके गणित युरी पोल्यान्स्की, व्हिन्सेंट पूर व सर्जियो व्हर्दू यांनी २०१० मध्ये मांडले. ही तूट साधारणपणे खंडाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते.

प्रतिपोषण व अनेक अँटेना

ग्राहीने काय मिळाले ते प्रेषकाला लगेच कळवले तर क्षमता वाढेल, असे सहज वाटते. स्मृतिहीन वाहिनीसाठी, म्हणजे जिच्यातील प्रत्येक चूक आधीच्या चुकांपासून स्वतंत्र असते अशा वाहिनीसाठी, प्रतिपोषणाने क्षमता मुळीच वाढत नाही, असे शॅनन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. प्रतिपोषणाचा लाभ दुसरीकडे होतो: कोड फार सोपा होतो. याचे नामवंत उदाहरण म्हणजे पीटर शाल्कवाइक व थॉमस कैलाथ यांनी १९६६ मध्ये दिलेली पद्धती. तिच्यात प्रेषक फक्त ग्राहीच्या अंदाजातील चूक पुनःपुन्हा पाठवत राहतो आणि त्रुटीची संभाव्यता कमालीच्या वेगाने घटते. कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला व त्यांचे अभियांत्रिकीचे पदवी शिक्षणही पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. पुढे ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

स्टॅनफर्डमध्येच भारतीय नौदलातून निवृत्त झालेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनी कैलाथ यांच्यासह अनेक अँटेनांच्या तंत्राचे पेटंट मिळवले (१९९४). प्रेषक व ग्राही या दोन्हीकडे अनेक अँटेना असतील आणि मधल्या भिंती, इमारती यांवरून लहरी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचत असतील, तर एकाच पट्ट्यात अनेक समांतर वाहिन्या निर्माण होतात. जेरार्ड फॉशिनी व एमरे तेलातार यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, अशा स्थितीत क्षमता दोन्हीकडील अँटेनांपैकी जी संख्या कमी असेल तिच्या प्रमाणात वाढते. लहरींचे परावर्तन हा तोवर रेडिओ अभियंत्यांचा शत्रू मानला जात होता.

प्रकाशतंतू

प्रकाशतंतूत शॅनन–हार्टली सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रकाशाची शक्ती वाढवली की काचेचा अपवर्तनांक स्वतःच किंचित बदलतो आणि संकेत आपल्याच विकृतीचे कारण ठरतो. पार्थ मित्रा व जेसन स्टार्क यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की, यामुळे शक्ती एका प्रमाणापलीकडे वाढवल्यास उपयुक्त वेग वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो. दीर्घ पल्ल्याच्या तंतूत मुख्यतः वापरला जाणारा पट्टा चार ते पाच टेराहर्ट्झचा आहे. त्यावरून एका सामान्य तंतूची व्यावहारिक मर्यादा सुमारे १०० टेराबिट प्रति सेकंद या पल्ल्यात धरली जाते. अरेखीय तंतूची अचूक क्षमता मात्र अद्याप सिद्ध झालेली नाही. मागणी वाढत असल्याने नव्या समुद्री केबलमध्ये प्रत्येक तंतूत अधिक शक्ती घालण्याऐवजी तंतूंची संख्या वाढवण्याकडे कल आहे.

अनेक वापरकर्त्यांच्या वाहिन्या

शॅनन यांचे मूळ प्रमेय एक प्रेषक व एक ग्राही यांच्यासाठी आहे. अनेक प्रेषक एकाच ग्राहीशी बोलत असतील, तर त्यांना एकूण किती वेग आपसांत वाटून घेता येईल याचे पूर्ण उत्तर रुडॉल्फ आल्सवेडे व हेन्री लियाओ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दिले. मोबाइल मनोऱ्याकडे येणाऱ्या संदेशांची स्थिती याच स्वरूपाची असते. परंतु दोन प्रेषक आपापल्या ग्राहीशी बोलत असताना एकमेकांच्या संदेशात व्यत्यय आणत असतील, तर त्या वाहिनीची क्षमता काही विशेष प्रकार वगळता अजूनही माहीत नाही. प्रेषक, ग्राही आणि त्यांच्यामध्ये मदत करणारे एकच पुनर्प्रेषण केंद्र, एवढ्या तीन घटकांच्या वाहिनीचा सर्वसाधारण प्रश्नही १९७० च्या दशकापासून खुला आहे.